नुसतं वाचायचंय, बाकी काही नको

बेंगळुरूत कुणाही सॉफ्टवेअरवाल्याला विचारून बघा: माझ्या वडिलांना साध्या टेक्स्ट फायली नुसत्या वाचायच्या आहेत, एखादं सोपं काहीतरी सुचव. हमखास एडिटरचं नाव येतं. एक म्हणतो नोटपॅड प्लस प्लस टाका, दुसरा म्हणतो व्हीएस कोड, तिसरा सबलाइम. आणि केस पिकलेला एखादा असला तर तो मिशीतल्या मिशीत हसत व्हिमचं नाव घेतो. ही सगळी हत्यारं लिहिणाऱ्यांची. या मंडळींच्या लेखी फाइल उघडणं म्हणजे तिच्यात काहीतरी बदलायला बसणं. वाचणाऱ्या माणसाला बदलण्याची सोय नकोशी वाटते, किंबहुना तिची धास्ती वाटते, हे त्यांच्या गावीही नसतं.

इथल्या मराठी घरांत हा प्रश्न वरचेवर येतो. व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, इलेक्ट्रॉनिक सिटी या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या मुलांकडे सांगली, नाशिक, अकोल्याहून आईवडील येतात आणि दोन-चार महिने राहतात. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये. घरात एक जुना लॅपटॉप आईबाबांच्या नावे केलेला असतो, आणि त्यावर कुणीतरी काहीतरी ‘वाचून ठेवा’ म्हणून टाकलेलं असतं.

डॉट टीएक्सटी शेपटीची फाइल म्हणजे निव्वळ अक्षरं. ठळक नाही, तिरपं नाही, रंग नाही, चित्र नाही. कुठला फॉन्ट वापरायचा याचीसुद्धा नोंद तिच्यात नसते. त्यामुळेच ती टिकते. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला आणि तिथून प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात झाली. तशा साध्या मजकुराला आजही कुठलंही यंत्र चालतं. उलट १९९५ सालच्या वर्ड प्रोसेसरमध्ये केलेली घरातली लग्नपत्रिका आज उघडेलच अशी खात्री कुणी देणार नाही.

पूर्वी अशा फायली संगणकवाल्यांपुरत्याच असत. आता त्या सामान्य माणसापर्यंत येतात त्या मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने. गप्पांच्या मेनूत ‘एक्स्पोर्ट चॅट’ दाबलं की सगळं संभाषण तारीख, वेळ, नाव आणि निरोप अशा ओळींत मांडून एका टेक्स्ट फायलीत मिळतं. आयफोनवर तीच फाइल झिपमध्ये बांधून येते. म्हणजे माणसाची अत्यंत खासगी, कधी कधी पैशाअडक्याची कागदपत्रं आज या सर्वांत साध्या रूपात फिरत असतात.

आमच्या इमारतीतले एक काका, मूळचे मिरजेचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाने आधीचं भाड्याचं घर सोडलं तेव्हा डिपॉझिटवरून घरमालकाशी वाजलं. बेंगळुरूत डिपॉझिट हा थट्टेचा विषय नाही. पुण्याहून आलेल्याला दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम ऐकूनच घाम फुटतो. हल्ली ती पुष्कळ ठिकाणी खाली आली आहे, तरी लाखांतच जाते. रंगकामाचे किती कापायचे, गीझर कुणी बिघडवला, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालेलं. मुलाने ते चॅट बाहेर काढून लॅपटॉपवर ठेवलं आणि काकांना सांगितलं, बाबा, मालकाने काय काय कबूल केलंय त्याच्या तारखा लिहून काढा.

काका वही-पेन घेऊन बसले. ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय. बोट स्क्रीनवर, कोपर कळफलकावर. वाचून झाल्यावर खिडकी बंद करायला गेले तर मधेच चौकट उभी: बदल जतन करायचे का? सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. काका तसेच लॅपटॉप उघडा घेऊन आमच्या दारात. म्हणाले, “अहो, मी काही केलंच नाही, तरी हा बदल जतन करू का विचारतोय. हो म्हणू की नको म्हणू? हे कागद वकिलाकडे जायचेत.”

नोकरीभर मूळ प्रत वेगळी, कामाची नक्कल वेगळी, असं वागलेला माणूस. त्याला मूळ कागदच टेबलावर टाकून, वर हातात पेन्सिल देऊन वाचायला बसवलं होतं. चूक काकांची नव्हती.

आणि धास्तीही अस्थानी नव्हती. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फायलीचं ‘हॅश’ मूल्य लिहायला जागा ठेवली आहे. हॅश म्हणजे फायलीतल्या एकूण एक बाइटवरून गणिताने काढलेली ओळखखूण. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती ६४ अक्षरांची येते. फाइल नुसती उघडून बंद केली तर खूण तीच राहते. पण मजकुरात कुठेतरी एक रिकामी जागा वाढली आणि फाइल जतन झाली, की त्या ६४ अक्षरांचा आधीच्या खुणेशी काडीचा संबंध उरत नाही. समोरच्या वकिलाने बोट ठेवलं तर ‘ती कोपराने पडलेली स्पेस आहे’ हे कुणाला पटवत बसणार? अशा बाबतीत फोनमधलं मूळ संभाषण तर जपायचंच, पण बाहेर काढलेली प्रतही जशीच्या तशी राहायला हवी.

आता नोटपॅडबद्दल. १९८५ च्या विंडोज १.० पासून तो सोबत आहे आणि त्याचं नावच सांगतं की तो टिपणं लिहायला केलेला. टेक्स्ट फायलीवर दोनदा क्लिक केलं की विंडोज ती नोटपॅडकडे देतं, ही इतकी जुनी रीत आहे की तिच्याकडे कुणी निवड म्हणून बघतच नाही. नोटपॅडमध्ये ‘फक्त वाचा’ असं बटण आजवर आलेलं नाही. फाइल उघडताक्षणी कर्सर पहिल्या अक्षरापाशी लुकलुकत असतो आणि पडेल ती कळ मजकुरात जाते.

जुन्या नोटपॅडच्या खोडी वेगळ्याच होत्या. यूटीएफ-८ पद्धतीत फाइल जतन केली की तो तिच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट स्वतःहून चिकटवायचा. डोळ्यांना फरक शून्य, हॅश मात्र पार बदललेला. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून ही सवय मोडली. त्याआधी युनिक्स-पद्धतीच्या ओळी त्याला कळत नसत. अँड्रॉइड फोनवरून आलेली पाचशे ओळींची फाइल उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत ओघळलेला दिसायचा. तेही २०१८ साली दुरुस्त झालं, म्हणजे नोटपॅड जन्मल्यानंतर तेहेतीस वर्षांनी.

विंडोज ११ मधल्या नव्या नोटपॅडने काकांच्या प्रश्नाला एक अजब उत्तर दिलं आहे: प्रश्न विचारणंच बंद. २०२३ मध्ये आलेल्या सोयीनुसार खिडकी बंद केली तरी न जतन केलेले बदल तो स्वतःजवळ सांभाळून ठेवतो आणि पुढच्या वेळी जसेच्या तसे समोर मांडतो. लिहिणाऱ्याला ही सोय वरदान. वाचणाऱ्याचं काय होतं? कोपराने पडलेलं अक्षर डिस्कवरच्या फायलीत नाही, पण पडद्यावरच्या मजकुरात आहे, आणि पुढल्या खेपेला कुणी सहज कंट्रोल-एस दाबलं की ते गुपचूप पक्कं होतं. निदान पूर्वी कुणीतरी दारात येऊन विचारत तरी होतं. त्यातच मायक्रोसॉफ्टने वर्डपॅड विंडोजमधून काढून टाकला आणि स्पेलचेक, ऑटोकरेक्ट, टॅब, एआय अशी एकेक भर नोटपॅडमध्ये घातली. साधेपणासाठी ज्याच्याकडे जायचं तोच भरजरी होत चाललाय.

मराठी वाचकाच्या वाट्याला याहून एक जादा संकट आहे. ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचा: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. उघडणाऱ्या प्रोग्रॅमने हा मजकूर जुन्या पाश्चात्य पद्धतीचा आहे असा चुकीचा तर्क केला, तर तो पंधरा बाइटांची पंधरा वेगळी चिन्हं करतो. प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए येतो. त्यानंतर चार पायांचं गोल चलनचिन्ह, नाहीतर जपानी येन. शेवटच्या जागी ‘म’ला नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण मिळते, ‘र’ला अंशाचं वर्तुळ, कान्याला तीन-चतुर्थांशाचा अपूर्णांक, ‘ठ’ला नुसती रिकामी जागा आणि वेलांटीला युरो. हे कडबोळं पाहून माणूस म्हणतो, फाइल बिघडली.

खरं तर काहीही बिघडलेलं नसतं. बाइट जिथल्या तिथे असतात, चष्मा तेवढा चुकीचा लावलेला. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, मराठी नीट दिसेल. खरा घात होतो तो दुसऱ्याच प्रकारात. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘अ‍ॅन्सी’ या ठरलेल्या पद्धतीत जतन करायला गेलं की एक इंग्रजी ताकीद यायची, यातली युनिकोड अक्षरं नष्ट होतील म्हणून. ती न वाचता ओके दाबलं की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. कडबोळं झालेली फाइल परत आणता येते. प्रश्नचिन्हं झालेली कुणाच्या बापाला परत आणता येत नाही, कारण कोणतं प्रश्नचिन्ह आधी कोणतं अक्षर होतं याची नोंदच उरत नाही. हा दुसरा अपघात फक्त जतन करू शकणाऱ्या प्रोग्रॅममध्येच घडू शकतो. नुसतं दाखवणारा प्रोग्रॅम फार तर चुकीचं दाखवेल, मोडणार नाही. वाचायला वेगळं साधन असावं असं मी म्हणतो त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तिसरा एक प्रकार आहे, त्याला मात्र इलाज नुसतं दाखवणाऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमकडे नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या पॅकेजांच्या फॉन्टांत टाइप व्हायचा. त्यातल्या बहुतेक फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. असा मजकूर टेक्स्ट फायलीत आला की फॉन्टचं नाव गळून पडतं आणि खाली निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ उरतो. तिथे परिवर्तकच हवा.

लिहिणं आणि वाचणं वेगळं ठेवायची अक्कल संगणकाच्या जगाला नव्हती असं नाही. होती आणि पुढे हरवली. युनिक्सवर मजकूर पानापानाने दाखवणारा ‘मोअर’ हा प्रोग्रॅम डॅनियल हॅलबर्ट यांनी १९७८ साली बर्कलीत विद्यार्थी असताना लिहिला. तो पुढेच जायचा. मागे जाता यावं म्हणून मार्क न्यूडलमन यांनी ऐंशीच्या दशकात ‘लेस’ लिहिला. दोन्ही फक्त दाखवणारे. ‘व्हीआय’ हा एडिटरसुद्धा ‘व्ह्यू’ या नावाने सुरू केला की रीड-ओन्ली उघडतो. डॉसच्या काळात, १९८६ मध्ये, जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर आला. त्यात फाइल बघायला एफ-३ आणि बदलायला एफ-४. दोन कामं, दोन कळा, शेजारी शेजारी. ज्यांनी नव्वदच्या दशकात काळ्या-निळ्या पडद्यावर काम केलंय त्यांच्या बोटांत एफ-३ अजून असेल. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियन गिस्लर यांच्या टोटल कमांडरमध्ये तो आजही तसाच आहे.

मग माऊस आला, डबल-क्लिक आली आणि ‘उघडणं’ ही एकच क्रिया उरली. फाइल ज्या प्रोग्रॅमने बनवली त्यातच ती उघडायची, हा हिशेब बनवणाऱ्यांनी स्वतःकडे बघून केला. कचेरीत टायपिस्टला तो ठीक होता. पण आज एका फायलीमागे लिहिणारा एक आणि वाचणारे शंभर असतात, आणि त्या शंभरांच्या हाती आपण विनाकारण खोडरबर देऊन बसलोय.

बेंगळुरूत बसून हे लिहिताना मला कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाची आठवण होणं साहजिक आहे. शेतजमिनीची नोंद, म्हणजे इकडची पहाणी, ही आपल्या सातबाऱ्याची चुलत बहीण. ती पूर्वी गावोगावच्या सुमारे नऊ हजार ग्रामलेखापालांच्या ताब्यातल्या वह्यांत असायची. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद बघायचा तरी त्यांच्या दारात खेटे घालावे लागत, आणि वहीत कोणी कधी काय फिरवलं याचा पत्ता लागत नसे. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने आणि एनआयसी या सरकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरवर २००१ च्या सुमारास राज्यभरच्या तालुका कचेऱ्यांत ‘भूमी’ केंद्रं सुरू झाली. ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर गेल्या. पंधरा रुपये द्यायचे आणि छापील उतारा घ्यायचा.

या योजनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, बाजूने आणि विरोधातही. मला त्यातली एक छोटी गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. खिडकीवर दोन पडदे होते. एक कर्मचाऱ्याकडे तोंड केलेला, दुसरा शेतकऱ्याकडे. कर्मचारी काय उघडतोय, काय भरतोय ते शेतकऱ्याला समोर दिसायचं. सोनाराने तराजूचं तोंड गिऱ्हाइकाकडे करून ठेवावं तसं. शेतकऱ्याच्या पडद्याला कळफलक नव्हता. आत बदल करायचा तर कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच शिरावं लागे, म्हणजे कोणी काय केलं याची जबाबदारी ठरलेली. बघण्याचा हक्क सगळ्यांना, बदलण्याचा मोजक्यांना आणि तोही सही-ठशासकट. नोटपॅडला आजवर जे सुचलं नाही ते तालुका कचेरीच्या खिडकीवर एका जादा मॉनिटरने साधलं.

त्यात एक मेख होती, आणि सीमाभागातल्या वाचकाला ती सांगायला नको. दिसणं म्हणजे वाचता येणं नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शेतकऱ्याला पडद्यावर स्वतःचीच पहाणी दिसायची ती कन्नडमध्ये. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही तिथल्या मराठी संघटनांची मागणी जुनीच आहे. पडदा शेतकऱ्याकडे वळवला खरा, पण त्यावरची अक्षरं त्याला लागत नसतील तर पारदर्शकता अर्ध्या वाटेवर थांबते.

त्याच सुमारास याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी ‘सिंप्युटर’च्या मागे लागली होती. हातात मावणारा, स्वस्त, भारतीय भाषा जाणणारा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर बोलून दाखवणारा संगणक. २००१ साली नमुना तयार झाला, २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा’ बाजारात आला. अपेक्षेच्या मानाने तो फारच थोडा खपला आणि पुढे मोबाइल फोनांनी त्याची जागा घेतली. पण आपला वापरणारा बदल करणारा आहे की समजून घेणारा आहे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. आजच्या अ‍ॅपवाल्यांपैकी किती जण विचारतात?

नुसतं बघणं आणि कामाला लावणं यांतला फरक महाराष्ट्रातही आता घराघरांत माहीत झालाय. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो, मात्र तो नुसता माहितीपुरता. कामाला लावायचा तर डिजिटल सहीचा काढायचा, पुन्हा पंधराच रुपयांत.

तर काकांना काय सुचवलं? नवीन काहीही नाही. नुसता वाचू देणारा, अक्षर हवं तेवढं मोठं करणारा, मराठीत शोधू देणारा, युनिकोड व्यवस्थित जाणणारा प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावर आधीच बसवलेला असतो: ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठलाही. टेक्स्ट फाइल माऊसने ओढून ब्राउझरच्या खिडकीत सोडा, मजकूर दिसू लागतो. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत राहिलं की अक्षरं वाढतात. कंट्रोल-एफ दाबून ‘डिपॉझिट’ शोधता येतं. कोपर कळफलकावर कितीही टेकवा, फायलीचं काही होत नाही. इंटरनेट बंद असलं तरी हे चालतं, कारण फाइल आपल्याच डिस्कवरून उघडलेली असते. इंजिनिअर मंडळी हे सुचवत नाहीत याचं मला नवल वाटत नाही. इतकी फुकटची गोष्ट सुचवण्यात हुशारी ती काय दिसणार?

दर वेळी ओढाताण नको असेल तर एकदाच बंदोबस्त करून ठेवावा. टेक्स्ट फायलीवर उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, त्यात ‘चूज अनदर अ‍ॅप’, तिथे ब्राउझर निवडायचा आणि ‘ऑलवेज’ दाबायचं. यापुढे त्या संगणकावर कुठल्याही टेक्स्ट फायलीवर डबल-क्लिक केलं की ती ब्राउझरमध्येच उघडेल. ज्याला खरोखर लिहायचंय त्याने उजवी क्लिक करून नोटपॅड निवडावा. म्हणजे एफ-३ आणि एफ-४ ची जुनी वाटणी परत आली. आईवडिलांच्या लॅपटॉपवर मुलांनी एवढं एक काम शनिवारी चहा पिता पिता उरकून टाकावं.

ब्राउझरातही क्वचित मराठीचं कडबोळं होतं. फायरफॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे. तो मेनू ऑल्ट कळ दाबल्यावर वर येतो. क्रोम स्वतःच अंदाज बांधतो आणि हाताने बदलू देत नाही, ते त्याचं मला खटकतं. फाइल शेकडो एमबींची असेल तर ब्राउझर धापा टाकतो, पण काकांच्या चॅटची फाइल तेवढी होणं कठीणच.

बाकीच्या वाटा थोडक्यात. विंडोजच्या फोल्डरमध्ये ऑल्ट आणि पी एकदम दाबलं की उजवीकडे प्रीव्ह्यूची पट्टी उघडते; फायलीवर नुसतं एकदा क्लिक करायचं, मजकूर शेजारी दिसतो. झटपट नजर टाकायला छान, पण पट्टी अरुंद. मॅकवर फाइल निवडून स्पेसबार दाबा. क्विक लूक ही सोय २००७ पासून आहे. मॅकवाल्यांनी ती आवर्जून वापरावी, कारण तिथला टेक्स्टएडिट न विचारता आपणहून जतन करत जातो. अँड्रॉइडवर टेक्स्ट फाइल उघडताना ‘कशाने उघडू’ ही यादी आली तर तिच्यात पुष्कळदा ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ असं रुक्ष नाव असतं. त्याला कुणी हात लावत नाही, पण तो अँड्रॉइडसोबतच येणारा, जाहिराती नसलेला, केवळ दाखवणारा प्रोग्रॅम आहे. तो सोडून लोक प्ले स्टोअरवरचे ‘टेक्स्ट रीडर’ उतरवतात आणि दोन ओळी वाचायला चार जाहिराती बघतात.

फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’वर टिक करा, असाही सल्ला मिळतो. करावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. ती टिक नोटपॅडला टाइप करण्यापासून अडवत नाही. अडवते ती मूळ फाइल जतन करताना. मग वापरणारा गोंधळून दुसऱ्या नावाने प्रत ठेवतो आणि घरात एकाच चॅटच्या दोन फायली होतात, त्यातली खरी कुठली हा नवा वाद. पीडीएफ करून पाठवणं हा शिष्टसंमत उपाय; पण मराठी पीडीएफमध्ये शोध घेताना किंवा मजकूर उचलताना जोडाक्षरांची जी चिरफाड होते ती अनेकांनी भोगली आहे.

एक सावधगिरी मात्र ब्राउझर नेमण्याच्याही आधीची. टेक्स्ट फाइल निरुपद्रवी असते या विश्वासाचाच गैरफायदा घेऊन मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणू जगभर पसरला. ईमेलसोबत प्रेमपत्र म्हणून आलेल्या फायलीच्या नावात टीएक्सटी होतं, पण खरं शेपूट त्याच्याही पुढे व्हीबीएस असं होतं, आणि विंडोज ओळखीची शेपटं लपवत असल्याने लोकांना टीएक्सटीच दिसलं. ही लपवण्याची सवय विंडोजने अजून सोडलेली नाही. फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवली की नावाचा शेवटचा तुकडा कायम दिसत राहतो. तो टीएक्सटी असेल तर खुशाल उघडायची. टीएक्सटीच्या पुढे आणखी एखादा टिंब आणि तीन अक्षरं दिसली तर उघडायची नाही, मग ती कितीही ओळखीच्या माणसाकडून आलेली असो.